वासुदेवभाऊचा हात

वासुदेवभाऊने माझ्या कानशिलात मारली तेव्हा त्याला माझे नावही माहीत नव्हते. मोहाडीजवळच्या एका राइस मिलच्या धर्मकाट्यावर मी नुकताच कामाला लागलो होतो. गाडी काट्यावर चढवायची, वजन घ्यायचे, पोत्यात सळई खुपसून मूठभर धान काढायचे आणि यंत्रात घालून त्याचा ओलावा बघायचा, एवढेच माझे काम. त्याच्या धानाचा ओलावा एकोणीस टक्के निघाला. सतराच्या वरचा माल परत पाठवायचा, असा नियम होता. मी तसे सांगितले. तो म्हणाला, "अजून एक डाव पाह्य." मी पाहिले. एकोणीसच. यानंतर तो काही बोलला नाही, त्याचा हात बोलला.

माझा चष्मा धानात पडला आणि डाव्या कानात पाण्याच्या मोटारीसारखा आवाज सुरू झाला. हमाल धावून आले. मी चष्मा पुसून घातला आणि यंत्र त्याच्यापुढे धरून म्हणालो की, मारल्याने आकडा बदलत नाही, धान वाळवल्याने बदलतो. त्याने यंत्रावरचा आकडा पुन्हा वाचला. मग मिलच्याच आवारात ताडपत्री टाकून त्याने सारे धान उन्हात पसरले, पायाने खालीवर केले आणि वाळल्यावर पुन्हा काट्यावर आणले. सोळा निघाला. जाताना माझ्याजवळ येऊन म्हणाला, "तू खोटा नाहीस बाबू. खोटा असता तं एक खाल्ल्यावर सोळाच म्हटला असता." माफी नव्हती ती. त्याच्या लेखी ती पावती होती, आणि पुढे मी गावात घर बांधले ते नेमके त्याच्या घरासमोर निघाले तेव्हा त्या पावतीवरच आमचा शेजार सुरू झाला. तो मला शेवटपर्यंत 'बाबू'च म्हणत आला आहे. शेवटपर्यंत म्हणजे आजपर्यंत. तो जिवंत आहे, धडधाकट आहे.

माणूस बुटका, पण रुंद. मान आणि खांदा यांत फरक करता येऊ नये असा. हाताचा पंजा एवढा की पितळी पेल्यातला चहा पिताना पेला दिसतच नसे. उजव्या अंगठ्याचे नख बैलांच्या जुवाखाली चिरडून काळे पडलेले, ते पुन्हा नीट आलेच नाही. शेती सात एकर धानाची, पण त्याची खरी ओळख शंकरपटाची. आमच्या भागात हिवाळ्यात बैलांच्या शर्यती होतात. हलक्या छकड्याला दोन बैल जुंपून जो माणूस ते पळवतो तो धुरकरी. वासुदेवभाऊ नावाजलेला धुरकरी होता. टोकाला खिळा ठोकलेली काठी, जिला आम्ही तुतारी म्हणतो, ती त्याच्या हातात असली की बैलांच्या मांड्या आधीच थरथरत. एका पटात तुतारी हातातून निसटली तर त्याने पुढे वाकून बैलाची शेपटी दातांनी चावली आणि जोडी पहिली आणली. घरी आला तेव्हा दाढीला रक्त होते. ते बैलाचे की त्याचे स्वतःचे, हे मी विचारले नाही.

"बैल दोन गोष्टीनं पळते," तो सांगायचा. "एक भेव. आन् दुसरं, भेव."

हेही खरे की शर्यतीनंतर तो कोणाचे अभिनंदन घ्यायला थांबत नसे. बैलांना सावलीत नेऊन मोहरीचे कोमट तेल चोळत बसे. जिथे जिथे खिळा लागला होता, नेमके तिथे. तेल लावतानाचा त्याचा चेहरा आणि मारतानाचा चेहरा यांत मला कधी फारसा फरक दिसला नाही. दोन्ही कामे तो सारखेच मन लावून करी.

बैलाने वैरण सोडली की त्याचा एक ठरलेला उपाय होता. बैलाचे तोंड वर करून खांबाला बांधायचे, जीभ एका बाजूला ओढायची आणि बांबूच्या नळीने अंडी, गूळ आणि तेल घशात ओतायचे. बैल गुदमरे, डोळे पांढरे करी, पण गिळे. गावात कोणाचाही बैल बसला की वासुदेवभाऊला आणि त्याच्या नळीला बोलावणे येई. "खात नाही मंजे काय?" असे तो त्या बैलवाल्यालाच झापायचा. "खानाऱ्याचा दोष नसते. खाऊ घालनाऱ्यात जोर नाही."

हा जोर घरातही चालायचा. आमच्या आणि त्याच्या घरामध्ये बारा फुटांचा रस्ता आहे. तेवढ्या अंतरावरून भांडे आपटल्याचा आणि माणूस आपटल्याचा आवाज वेगळा ओळखू येतो. असा आवाज आला की माझी बायको हातात वाटी घेऊन दही मागायला समोर जाई. घरात दही असले तरी जाई. तिला बघून तो थांबायचा आणि म्हणायचा, "द्या ना वो वहिनीले दही." सिंधूवहिनी, म्हणजे त्याची बायको, पदराने तोंड पुसून दही आणून देत. त्या वाट्यांचे दही आम्ही कोणी आवडीने खाल्ले नाही.

त्यांना एकच मुलगी, प्रणाली. हुशार आणि बापासारखीच हट्टी. नागपूरला प्राणिशास्त्र शिकायला गेली आणि शेवटच्या वर्षाला असताना दिवाळीच्या सुट्टीत थर्माकोलच्या डब्यात एक प्राणी घेऊन आली. होस्टेलवाले ठेवू देत नव्हते. अ‍ॅक्सोलॉटल त्याचे नाव, मूळ मेक्सिकोतल्या तळ्यांमधला, आता जगभर लोक काचेच्या टाकीत पाळतात, असे तिने सांगितले. माझ्या वितीएवढा लांब, गुलाबीसर पांढरा, चार पाय, चपटे शेपूट, आणि मानेच्या दोन्ही बाजूंना झालरीसारखे लाल तुरे. त्या तुऱ्यांनी तो पाण्यात श्वास घेतो. तोंड असे की कायम हसतो आहे असे वाटावे. आमच्या तळ्यांत शिंगाडा होतो. सोललेला शिंगाडा तसाच पांढरा आणि शिंगांचा, म्हणून तिने त्याचे नाव शिंगाडा ठेवले. आमच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर मी त्याचे वजन करून दिले होते. ब्याण्णव ग्रॅम.

"पाल हाय का मासा हाय, एक काहीतरी ठरवा," असे म्हणून वासुदेवभाऊने पहिल्या दिवशी पाठ फिरवली. पण पुढे थंडीभर, टाकीचे पाणी आपोआप गार असे त्या दिवसांत, अनेकदा मी त्याला समोरच्या खोलीत त्या टाकीपुढे बाज ओढून बसलेला पाहिला. प्रणाली, आणि ती नसली की सिंधूवहिनी, चिमट्याने गांडूळ धरत, शिंगाडा क्षणभर थबके आणि एकदम तोंडात ओढून घेई. भाऊ खूश होऊन मांडीवर थाप मारे, आणि त्या आवाजाने शिंगाडा टाकीच्या कोपऱ्यात पळे. "भेदरट हाय लेकाचा," भाऊ म्हणे.

मागच्या वर्षी होळीनंतर प्रणाली निखिल नावाच्या मुलाला घेऊन घरी आली. बरोबर शिकलेला, दुसऱ्या जातीचा. लपूनछपून नाही, सकाळी दहाच्या सुमारास, सरळ समोरच्या दाराने, बापाला विचारायला. आत काय बोलणे झाले ते मी ऐकले नाही, त्यामुळे सांगत नाही. काच फुटल्याचा आवाज ऐकला. मी पोहोचलो तेव्हा टाकीचे पाणी उंबऱ्यावरून अंगणात वाहत होते. भाऊच्या हातात छकड्याची उभारी, म्हणजे कडेचा लाकडी दांडा होता. निखिल भिंतीला टेकून बसला होता आणि त्याचा डावा हात कोपराखाली जिथे वाकू नये तिथे वाकला होता. प्रणाली मध्ये पडली होती. तिच्या गालावर पाच बोटे उठली होती आणि पायात काच गेली होती. भाऊने उभारी पुन्हा उचलली. मी आणि मागून आलेले दोघे शेजारी अशा तिघांनी त्याला धरले, तरी तो आम्हाला घेऊन दोन पावले पुढे गेला.

प्रणाली रडली नाही. तिने निखिलला उठवले, ऑटोत बसवले आणि ते दोघे दवाखान्यात गेले. तिथून नागपूर, आणि नागपुरात लग्न. पोलिसात तक्रार केली नाही. सिंधूवहिनींना एकच फोन आला, आणि त्यातले बोलणे त्या आमच्या दारात उभ्या राहून माझ्या बायकोला सांगत असताना भाऊ त्यांच्या मागे येऊन उभा होता.

प्रणाली म्हणाली होती, "शिंगाडा मेला असेल तर मला सांगू नको. जगला तर त्याला न्यायला येईन. बाकी त्या घरात माझं काही नाही."

शिंगाडा मेला नव्हता. काचांमध्ये पडलेला तो सिंधूवहिनींनी ओंजळीने उचलून धुण्याच्या टबात टाकला होता. पुढचा डावा पाय कोपरापासून तुटला होता. तो तळाशी बसून होता आणि काही खात नव्हता. गांडूळ टाकले तरी नाही, पिठाची गोळी टाकली तरी नाही. त्या दिवसापासून वासुदेवभाऊने शेतात जाणे सोडले. पोरगी या घराचा उंबरा पुन्हा ओलांडणार असेल तर ती या ब्याण्णव ग्रॅमसाठीच, हे त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्याने त्याला येत होते तेच केले. एका सकाळी मला हाक आली, "बाबू, जरा इकडं ये. याचे पाय धर." मी गेलो. भाऊने उदबत्तीएवढी बारीक बांबूची नळी घासून गुळगुळीत केली होती. वाटीत अंड्याचा बलक आणि गूळ फेटलेला. शिंगाडा ओल्या फडक्यात गुंडाळून त्याच्या डाव्या मुठीत, आणि काडेपेटीच्या काडीने त्याचे तोंड उघडे ठेवलेले. मी पाय धरायला नकार दिला. म्हणालो, भाऊ, हा बैल नाही. तो म्हणाला, "जनावर ते जनावर. न खाल्ल्यानं मरन, त्यापेक्षा हे बरं नाही?" आणि त्याने नळी लावून फुंकर मारली. पिवळा बलक तुऱ्यांमधून बाहेर आला. शिंगाड्याचे शरीर धनुष्यासारखे ताणले गेले, शेपूट त्याच्या मनगटावर आपटत राहिले. बैलाला तो जसे धरी तसेच त्याने याला धरले होते, घट्ट आणि प्रेमाने. सोडला तेव्हा शिंगाडा पाण्यात कुशीवर तरंगला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या तुऱ्यांवर आणि तुटल्या पायावर कापसासारखी पांढरी बुरशी दिसू लागली. पाण्याला अंड्याचा वास येत होता. भाऊने ते सगळे फेकून नळाचे ताजे पाणी भरले होते, आणि त्याला ब्लीचिंग पावडरचा वास येत होता. धानाच्या थप्पीत खुपसून बघायचा लांब तापमापक मी मिलमधून आणला आणि टबात बुडवला. तीस अंश. प्रणालीने ज्या दुकानातून हा प्राणी घेतला होता त्या नागपूरच्या दुकानदाराचा नंबर सिंधूवहिनींकडे होता. मी त्याला फोन लावून सगळे होते तसे सांगितले. तो आधी मला रागावला. मग म्हणाला की अठराच्या वर पाणी गेले की हा खाणे सोडतो, पंचविसाच्या वर गेले की जीव सोडतो. रात्रभर भरून ठेवलेले पाणीच वापरा, बुरशीसाठी थोडा वेळ मिठाच्या पाण्यात ठेवा, गार ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे त्याला हात लावू नका.

शेवटचे वाक्य मी भाऊला सांगितले तेव्हा तो खरोखरच गोंधळला. "हात लावू नोको, तं मंग हा जगन कसा?" असे त्याने मला विचारले, आणि उत्तराची वाट बघत उभा राहिला.

चैत्रात मोहाडीला अठरा अंशाचे पाणी मिळवायचे म्हणजे फ्रिजशिवाय मार्ग नव्हता. त्यांचा फ्रिज बंद पडलेला होता. माझ्या बायकोने आधी स्वच्छ नाही म्हटले, दह्याशेजारी पाल ठेवणार नाही म्हणाली. मग म्हणाली, प्रणालीसाठी ठेवते, त्या राक्षसासाठी नाही, आणि हे त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली. शिंगाडा झाकणाला भोके पाडलेल्या डब्यात आमच्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात गेला. दुकानदाराने आजारी प्राण्याला थोडे दिवस असे ठेवायला हरकत नाही म्हटले होते. भाऊ सकाळ-संध्याकाळ आमच्या दारात येऊन उभा राही. आत येत नसे. "किती?" एवढेच विचारे. मी म्हणे, आठ. तो मान हलवून परत जाई.

एकदा भर दुपारी लाइट गेली आणि बराच वेळ आली नाही. आमच्या चौकातच खांबावर लाइनमन चढलेला होता. भाऊ तुतारी घेऊन खांबाखाली गेला आणि त्याने लाइनमनला सांगितले की अर्ध्या तासात लाइट आली नाही तर तुला याच खांबाला बांधून याच तारा तुझ्या तोंडात देतो. लाइनमन खाली उतरेना. भाऊ खांबाला खालून लाथा मारत राहिला. वरचा माणूस आईचे नाव घेऊन ओरडत होता आणि खाली बायका भाऊच्या पाया पडत होत्या. शेवटी पोलिसांनी त्याला नेले, चार दणके दिले आणि संध्याकाळी सोडले. ओठ फुटलेला घेऊन तो घरी न जाता आमच्या दारात आला. "किती?" मी म्हणालो, मी बर्फाची लादी आणून डब्याभोवती रचली, अकराच्या वर गेले नाही. तो पायरीवर बसला आणि म्हणाला, "मंग उगाच मारलं मले." त्याचे ते म्हणणे तक्रारीचे नव्हते. नुसते नोंदवल्यासारखे होते.

बुरशी गेली. शिंगाड्याला आम्ही भाऊच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत मातीच्या नांदेत ठेवले, नांदेला ओला बारदाना गुंडाळला आणि पाण्यात बर्फाच्या बाटल्या सोडल्या. सतरा अंश. आता खाण्याला काही अडचण नव्हती, तरी तो खाईना. वजन केले तर सदुसष्ट ग्रॅम भरले. दुकानदार म्हणाला, घाबरला आहे. तोंडापासून दोन बोटे अंतरावर गांडूळ धरा आणि धरूनच ठेवा. हात हलवू नका. तो येईल तेव्हा येईल.

हे काम मी करतो म्हणालो. सिंधूवहिनीही करते म्हणाल्या. भाऊने दोघांना बाजूला सारले.

त्या बैठका मी पाहिल्या आहेत. शेणखड्ड्याच्या कडेची गांडुळे भाऊ स्वतः खणून आणी, धुई, आणि नांदेपाशी मांडी घालून बसे. हात पाण्यात. पहिला थोडा वेळ बरा जाई. मग जबड्याचे स्नायू हलू लागत. मग बोटे. गांडूळ शिंगाड्याच्या तोंडाला टोचले जाई आणि तो मागे सरके. "खा ना बे," भाऊ दातांमधून म्हणे. "तुयासाठी तळ्याबोडीतलं पानी आनून पाजू का आता?" शिंगाडा आणखी मागे सरके. तेव्हा भाऊ उठे. परसात तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, ढीग होता. काठी घेऊन तो त्या ढिगाला असा बदडे की तणसाचा भुसा आमच्या अंगणात उडून येई. शिव्या शिंगाड्याला, निखिलला, दुकानदाराला, बर्फवाल्याला, मला. दमला की हात धुऊन पुन्हा नांदेपाशी. एकदा तणसावर भागले नाही, तर बाजेचा खूर उपटून त्याने कुंपणाची दोन लाकडे मोडली. सिंधूवहिनी त्याच्याकडे बघत होत्या. त्या मला हळूच म्हणाल्या, "भाऊजी, आज किती वर्षांनी मी यांचा राग दुसऱ्यावर जाताना बसून पाहून राहिली." त्यांनी पाय लांब केले आणि गहू निवडायला घेतले.

शिंगाड्याने ज्या दुपारी खाल्ले त्या दुपारी मी तिथे होतो. भाऊने नांदेत बर्फ जरा जास्तच टाकला होता; तापमापक चौदा दाखवत होता. तो बराच वेळ हात बुडवून बसला होता आणि त्याचा हात मनगटापर्यंत बधिर होऊन निळसर पडला होता. बोटे हलत नव्हती, कारण ती हलवायला त्याला जाणवतच नव्हती. शिंगाडा तीन पायांवर चालत आला. त्या बोटांपुढे थांबला. मग गांडूळ नाहीसे झाले. भाऊला कळलेच नाही. त्याने हात बाहेर काढला, रिकाम्या बोटांकडे बघितले आणि गांडूळ पाण्यात पडले समजून शिवी देत तो नांदेत शोधू लागला. मी म्हणालो, भाऊ, थांब, त्याने खाल्ले.

त्याने माझ्याकडे बघितले. "खोटं तं नाही ना सांगत?"

"मी कधी सांगितलं?"

त्याने तो बधिर हात काखेत दाबला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी निघून आलो.

त्यानंतर शिंगाडा त्याच्या हातचे खाऊ लागला, आणि तेही फक्त त्याच्याच. माझ्या चिमट्याला भीक घालीत नसे. पावसाळ्यात रोवणीच्या दिवसांत तुटल्या पायाच्या जागी तांदळाएवढा कोंब दिसला. त्या कोंबाला बोटे फुटली, आणि दसऱ्यापर्यंत पाय पूर्ण आला, आधीचा होता तेवढाच. या प्राण्याचा तो गुणच आहे, हे प्रणालीने पूर्वी सांगितले होते, पण भाऊने ते मनावर घेतले नव्हते. आता तो अर्ध्या गावाला घरात आणून पाय दाखवू लागला. "बैलाचा खूर गेला तं बैल गेला. माहा अंगठा पाह्य, नख नाही आलं. आन् हा? अख्खा पाय!" त्याच्या मनात आणखी काय होते ते त्याने फक्त मला सांगितले. आम्ही काट्यावर शिंगाड्याचे वजन करत होतो. एकशे एक भरले. तेव्हा तो म्हणाला, "आता तिले राग कायचा, बाबू? जे मोडलं ते तं आलं ना पूर्ण."

मी म्हणालो, निखिलच्या हातात लोखंडी पट्टी आहे अजून. तो म्हणाला, निघन ते बी.

धान कापणीला आले तेव्हा प्रणाली आली. सिंधूवहिनींनी फोनवर पायाचे सांगितले होते. भाऊने पहाटेच अंघोळ करून धुतलेला सदरा घातला होता. घरातली उभारी, तुतारी, काठ्या सगळे गोठ्यात नेऊन टाकले होते. कोणी सांगितले नव्हते. निखिलही तिच्याबरोबर आला होता, पण तो फाटकापाशीच थांबला. भाऊ त्याच्याकडे चालत गेला तेव्हा मी रस्ता ओलांडून आलो आणि तेव्हाचे ते दोघे शेजारीही बाहेर आले. भाऊ त्याच्यापुढे उभा राहून म्हणाला, "आत ये." निखिल नम्रपणे म्हणाला की मी इथेच बरा आहे. भाऊने मान हलवली आणि परत आला.

नांदेपाशी प्रणाली हसली. पाय बघून तिने तोंडावर हात ठेवला. भाऊ तिला सगळे सांगू लागला. पाणी कसे ठेवायचे, बर्फ किती, गांडूळ कोणते. मग त्याने सदऱ्याची बाही वर केली आणि हात पाण्यात घातला. शिंगाडा नांदेच्या पलीकडच्या कडेवरून चारही पायांनी चालत आला आणि त्याच्या बोटांतून गांडूळ घेऊन गेला. "हात हालवाचा नाही," भाऊ म्हणाला. "बस, एवढंच हाय. बाकी तो आपोआप येते." प्रणालीने शिंगाड्याकडे बघितले नाही. ती बापाच्या हाताकडे बघत होती.

बर्फाच्या बाटलीसकट शिंगाडा थर्माकोलच्या डब्यात गेला. सिंधूवहिनींनी केलेले जेवण तिने डब्यात बांधून घेतले, बसून खाल्ले नाही. आईच्या पाया पडली, माझ्या बायकोच्या पाया पडली. भाऊपुढे येऊन जरा थांबली. मग शिंगाड्याचा डबा कडेवर घेऊनच वाकली. भाऊने आशीर्वादाला हात वर केला, तिच्या डोक्यावर ठेवायला.

हात वर गेलेला तिने खालूनच पाहिला. तिची मान खांद्यात गेली, मोकळा हात कानावर आला आणि ती एका बाजूला झुकली. डब्यातले पाणी हिंदकळून तिच्या पायांवर सांडले.

ती सावरून उभी राहिली. तिला स्वतःलाच ते लाजिरवाणे वाटले असावे, कारण ती घाईने म्हणाली, "काही नाही बाबा. सवय आहे."

आणि गेली. निखिलने तिच्या हातातला डबा घेतला, एकाच हाताने, आणि ते दोघे बसस्टँडच्या दिशेने चालत गेले. भाऊचा हात अजून तेवढ्याच उंचीवर होता. तो खाली घ्यायचा हे त्याच्या लक्षात आले नव्हते. मी जवळ जाऊन तो धरून खाली आणला. इतक्या वर्षांत मी त्या हाताला स्वतःहून हात लावला तो तेव्हाच.

"मी तं डोक्यावर ठेवत होतो, बाबू," तो म्हणाला.

मी म्हणालो, मला माहीत आहे.

"तुले माहीत हाय," तो म्हणाला. "तिले कसं मालूम होईन?"